पायाला भिंगरी असलेल्या बाई आणि आज्या: तुमच्याकडच्या सांगा

रानजाई

परवा नाशिकच्या सीबीएसला गाडीची वाट बघत उभी होते. शेजारच्या गाडीच्या दारात एक आजी कंडक्टरला विचारत होत्या, "ही कुठपर्यंत जाते?" तो म्हणाला, "तुम्हाला कुठं जायचंय ते सांगा की." तर म्हणाल्या, "जाईल तिथपर्यंत दे." मागची माणसं हसली आणि मला भर स्टँडवर रडू फुटलं.

आमची आजी मार्चमध्ये गेली. ८६ वर्षांची होती. प्राथमिक शिक्षिका, सगळी नोकरी अकोले तालुक्यात (नगरचं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे). नोकरीला लागली तेव्हा लोकल बोर्डाची शाळा होती, जिल्हा परिषद आली १९६२ ला. आजोबा लवकर गेले. पदरात तीन मुलं, पगार यथातथाच. आणि या बाईला घरात बसवत नसे. सुट्टी लागली की मुलं थोरल्या बहिणीकडे टाकायची आणि निघायचं. गिरनार, रामेश्वर, कुठेही. जनरलच्या डब्यात, पिशवीत दशम्या. निवृत्तीनंतर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा सात दिवसांचा पास काढायची आणि खरंच आवडेल तिथे जायची. घरी कळायचं ते आठव्या दिवशी.

दहाव्याला भाषणं झाली. जो उठला तो "त्यागमूर्ती", "मुलांसाठी झिजली". अहो, झिजल्या त्या तिच्या वहाणा! माझी आई अजून रुसलेली आहे तिच्यावर, दर दिवाळीत मावशीकडे टाकायची म्हणून.

एकच किस्सा सांगते. चौथीच्या पुस्तकात कळसूबाई, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. पोरं ते घोकत होती आणि शिखर शाळेच्या ओसरीतून दिसत होतं. हिला तो प्रकार सहन होईना. एक दिवस अख्खा वर्ग घेऊन चढली. नेमके त्याच दिवशी डेपोटी साहेब तपासणीला आले. शाळेला कुलूप, आणि बाहेर टांगलेल्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात: "शाळा शिखरावर आहे."

तर अशा सांगा. आजी, बाई, मावशी, सासू, कोणीही. फक्त त्यागमूर्ती नकोत. तिरसट, मारकुट्या, विक्षिप्त सगळ्या चालतील.

खडूची_धूळ

"शाळा शिखरावर आहे" वाचून ऑफिसात फिसकन हसलो. साहेबांनी वर बघितलं. डेपोटींनी पुढे काय केलं ते सांगा आधी.

रानजाई

दुपारपर्यंत ओसरीत बसून राहिले. पोरं करवंदांनी तोंडं काळी करून उतरली तेव्हा त्यांनाच प्रश्न विचारले. शेऱ्यात काय लिहिलं ते आजीने कधी सांगितलं नाही, त्यावरून ओळखा :)

सातवी_ब

आजी नाही, आमच्या गणिताच्या बाई. मराठवाडा, १९७२ चा दुष्काळ. शाळेत पोरंच येईनात, कारण सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला. आईबापांबरोबर आम्हीही. बाई हजेरीपट घेऊन कामावर आल्या. बाभळीखाली शाळा. आधी सुकडी मिळायची मग अभ्यास, हा क्रम त्यांनीच लावला होता, उपाशी पोराला त्या काही विचारत नसत.

घनफळ चाललं होतं. बाईंनी टेप आणली कुठून तरी आणि आम्हाला खडीचे ढीग मोजायला लावले. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. आम्ही मोजतोय मोजतोय, आणि एका पोराच्या लक्षात आलं की मुकादमानं लिहून घेतलेलं माप आपल्या मापापेक्षा कमी आहे. एका ढिगाचं नाही, सगळ्याच. बाई काही बोलल्या नाहीत. आमच्या वह्या गोळा केल्या आणि इंजिनिअर साहेब आले तेव्हा त्यांच्यापुढे ठेवल्या. आमच्या आयांना मागची मजुरी मिळाली. बाईंना बदली मिळाली, लांबची.

मी पुढं पाटबंधाऱ्यात लागलो. आयुष्यभर मोजमापाची पुस्तकं तपासली. जास्त लिहीत नाही, नातू फोन मागतोय.

टिंगूची_आई

सातवी ब, दंडवत तुमच्या बाईंना.

मनमौजी

वह्या पुरावा म्हणून!! कसलं भारी

कोकणी_फणस

आमच्या आजीला सगळा गाव बाई म्हणे, आम्ही नातवंडंसुद्धा, कारण पहिली ते चौथी तिच्याच हाताखाली. नापास व्हायची सोय नाही, घरी पण तीच.

मे महिन्यात तिचा दुसरा वर्ग, विहिरीवर. पाठीला वाळका भोपळा बांधायची आणि ढकलायची. वय वर्षे पाच. रडलास तर पुन्हा. दुपारी गडी माणसं जेवून आडवी झाली की गावातल्या बायका यायच्या. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून बाई स्वतः आधी उडी टाकायची, मग एकेकीला उतरवायची. सासवांनी बोंब केली तेव्हा म्हणाली, विहिरीत पाय घसरून तुमचीच सून जाते, तिला वर यायचं कसं ते शिकवतेय, तुम्हाला अडचण आहे का? गप्प झाल्या सगळ्या.

बाकी मला खरं विचाराल तर पाण्याची भीती अजून आहे. ती बाईंचीच जास्त असावी.

अवलिया

भोपळा! आमच्याकडे पांगाऱ्याचा ओंडका होता. हलका असतो.

मनमौजी

आम्हाला तेलाचा रिकामा डबा. बूच सैल निघालं तर आनंद.

अवलिया

हाहाहा. आणि वरून काका ओरडणार, "हात मार, हात मार!"

पाटणची_पोर

११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. आजी तेव्हा पाटण भागात एकशिक्षकी शाळेवर, वय पंचविशीच्या आत. पहाटे सगळं हाललं, अंधार, धूळ. ती खोलीतून बाहेर पडली ती शाळेत गेली आणि हजेरीपट घेऊन आली. कंदील धरून घराघरापुढे उभं राहून नाव पुकारायची. "हजर" आलं की खूण. ओ आली नाही तिथे माणसं बोलवून माती उपसायची. तो हजेरीपट आमच्या घरी आहे. बघवत नाही, पण आहे.

खडूची_धूळ

...

रानजाई

पाटणची पोर, यावर काय लिहू. आजीला नमस्कार.

टिंगूची_आई

मी जरा उलटं लिहिणार आहे, राग मानू नका.

माझ्या सासूबाई मुख्याध्यापिका. कैलास-मानसरोवर करून आलेल्या, सरकारी यात्रेतून, लिपुलेखमार्गे. वयाची अट सत्तरची, त्या ६८ च्या. त्यात दिल्लीला मेडिकल होतं, वजन-उंचीचं गणित पंचविसाच्या आत बसावं लागतं. मग काय, सहा महिने अख्ख्या घराने मुगाचं कढण प्यायलं. त्या पर्वतीच्या पायऱ्या दप्तरात विटा भरून चढायच्या. डोलमा खिंड ५,६३० मीटरवर आहे, तिथे बरोबरीचे तरुण बसले आणि या चालत राहिल्या म्हणे. पेपरात फोटो आला. सगळे मला विचारत, किती अभिमान वाटत असेल ना तुम्हाला. वाटत होता हो. पण कडेवर आठ महिन्यांचं पोर, दुसरं बालवाडीत, नवरा फिरतीवर, सासऱ्यांचं पथ्य. या कैलासावर होत्या तेव्हा कुकर कोण लावत होतं, हे कुठल्या पेपरात आलं नाही. अशा प्रत्येक भटक्या आजीमागे घरी थांबलेली एक बाई असते, बहीण, सून, नाहीतर मोठी मुलगी. रानजाई, तुमच्या आईचा रुसवा मला पटला.

परत आल्यावर मला म्हणाल्या, "तू का नाही जात कुठे?" मी त्या दिवशी बोलले. जे काही साठलं होतं ते सगळं. घरात शांतता. पुढच्या मे महिन्यात त्यांनी दोन्ही पोरं ताब्यात घेतली आणि मला मैत्रिणींबरोबर हंपीला धाडलं. तिकीट त्यांनीच काढलं होतं. पोरांनी त्या काळात फक्त श्रीखंड-पोळी खाल्ली असं नंतर कळलं, पण मी काही विचारलं नाही.

आता त्या नाहीत. दप्तर आहे, विटा गच्चीत कुंडीखाली आहेत.

रानजाई

हे आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "त्यांना म्हणावं, बरोबर लिहिलंत." मग बराच वेळ बोलत बसली, तिच्या मावशीबद्दल. मावशीने कधी घाट ओलांडला नव्हता. तिच्यावर कोणी भाषण केलं नाही.

सातवी_ब

खरं आहे टिंगूची आई. आमच्या बाईंनी लग्न केलं नाही. आता वाटतं, जमलंच नसतं.

अवलिया

विषयांतर: तो आवडेल तेथे पास अजून मिळतो का? रिटायर होतोय डिसेंबरात. घरात बोललो नाही अजून.

बसची_खिडकी

मिळतो. चार दिवसांचा आणि सात दिवसांचा. आगारात जाऊन दराची चौकशी करा. पंच्याहत्तरीनंतर तर पासही नको, ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकटच आहे. आणि बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. तुम्ही पुरुष आणि साठीचे, म्हणजे दोन्हीकडून गेलात :P

रानजाई

फुकट झाल्यावर आमच्या आजीने आधार कार्ड दोरीने गळ्यात अडकवलं होतं. तक्रार एकच: सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. सापुताऱ्याला जाताना पुढचे पैसे मागितले म्हणून कंडक्टरला भूगोल शिकवला. तो तिचाच विद्यार्थी निघाला असता तर किस्सा पूर्ण झाला असता, पण नव्हता.

जुना_पाटा

आमची मोठी आई म्हणजे वडिलांची काकू. व्हर्नाक्युलर फायनल (तेव्हाची सातवीची परीक्षा) होऊन मास्तरीण झालेली. निवृत्तीचे पैसे आले तसे मुलांत वाटले आणि ओंकारेश्वरहून नर्मदा परिक्रमेला पायी निघाली. सगळ्यांनी अडवलं. "बसने जा, पंधरावीस दिवसांत होते." ऐकलं नाही. नदी उजव्या हाताला ठेवायची, ओलांडायची नाही. चातुर्मासात चालायचं नाही, म्हणून निमाडातल्या एका गावात थांबली. तिथल्या पोरांना पाढे येत नव्हते. मग संपलंच. सकाळी मैयाची आरती, दुपारी पाढे. हिंदी हिला येत नव्हतं, पोरांना मराठी येत नव्हतं. चार महिन्यांनी पोरं "बे एके बे" म्हणायला लागली! दिवाळीनंतर निघाली तेव्हा सोडेनात. भडोचच्या पुढे समुद्रातून नाव लागते, भरतीची वेळ साधून, त्यात सगळे उलट्या करत होते आणि ही डबा उघडून जेवली. हा भाग तिने स्वतः सांगितलेला आहे, थोडं मीठ लावून घ्या.

घरी आली ती काळी ठिक्कर. काकांनी ओळखलंच नाही, भिक्षा घालायला पीठ घेऊन आले.

मनमौजी

पीठ!! 😂😂

कोकणी_फणस

नर्मदे हर

दिवेलागण

वेगळंच लिहिते, उपयोगी पडेल म्हणून. आमच्या आईने (विज्ञानाच्या बाई) नेत्रदानाचा अर्ज भरला होता आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. ती पहाटे गेली. रडारडीत कुणाच्या लक्षात आलं नाही. तिची एक माजी विद्यार्थिनी भेटायला आली तिने विचारलं, "बाईंचे डोळे?" तेव्हा धावपळ. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं, जितकं लवकर तितकं चांगलं. तोवर पंखा बंद करायचा, पापण्या मिटून ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं होतं, तरी चालतं. अर्ज भरलेला नसला तरी जवळचे नातेवाईक संमती देऊ शकतात. माणसं घरीच येतात, अर्ध्या तासात होतं, चेहरा विद्रूप होत नाही. आमची आत्या याच भीतीने विरोध करत होती.

आई सातवीला डोळ्याची आकृती फळ्यावर एका दमात काढायची, हात न उचलता.

पाटणची_पोर

कपाटाला चिकटवायची आयडिया घेते. आमच्याकडे कागद कुठेही जातात.

खडूची_धूळ

आमची आजी भटकी वगैरे नव्हती, पण मारकुटी चालेल म्हणालात म्हणून. परवचा म्हटल्याशिवाय जेवण नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अपूर्णांकांचे पाढे सगळे. औटकीला मी अडायचो. औट म्हणजे साडेतीन. चुकलो की वाटीतलं तूप कमी करायची, मारायची नाही. छळ होता तो. वयाच्या ऐंशीव्या वर्षी कोमातून... कोमा नाही, गुंगीतून जागी झाली, मी शेजारी, बायको शेजारी, डॉक्टर उभे. डोळे उघडून मला म्हणाली, "औट सत्ते?"

टिंगूची_आई

आलं का??

खडूची_धूळ

डॉक्टरांनी मोबाईल काढला होता.

जुना_पाटा

साडेचोवीस.

रानजाई

बरोबर. बस खाली.