फ्रेशआरएसएस : फीड आपोआप ताजे होत नसतील तर

फ्रेशआरएसएसमध्ये (स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचा, साइट्सचे फीड वाचण्याचा प्रोग्राम) लॉगिन होतं पण बटण दाबल्याशिवाय नव्या बातम्या येत नाहीत, म्हणजे क्रॉनची (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) ओळ राहिलीय. 'ॲप' फोल्डरमधली फीड ताजे करणारी ॲक्च्युअलाइझ स्क्रिप्ट (actualize_script.php) तासाला एकदा चालवा, पण वेब सर्व्हरच्याच वापरकर्त्याच्या नावाने. डेबियनवर तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा. रूट म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या क्रॉनमध्ये टाकलीत तर 'डेटा'तल्या नव्या फायली रूटच्या मालकीच्या होतात आणि वेबवरून लिहिणं अडतं. तसं झालंच असेल तर चाउन (मालकी बदलणारी आज्ञा) वापरून मालकी परत करा. मिनिटाच्या जागी 0 नको, 17 वगैरे घाला; ठोक्याला सगळ्यांचेच क्रॉन धावतात.

आणि हो, वेब सर्व्हर एनजिनएक्स असेल तर त्याचा रूट (इथे अर्थ : ज्या फोल्डरमधून तो फायली देतो) 'पी' फोल्डरवरच आहे ना? एक पायरी वर असेल तर धोका आहे : एनजिनएक्स एचटीॲक्सेस (फोल्डर बंद ठेवणारी अपाचे सर्व्हरची फाइल) वाचत नाही, त्यामुळे 'डेटा'तला एसक्यूलाइट डेटाबेस कोणीही उतरवून घेईल.