जोडलेली बोटं: दोन्ही हातांचं ऑपरेशन एकदम करावं का?

कुंदकळी
मुलगी ११ महिन्यांची. दोन्ही हातांची मधलं बोट आणि अनामिका जन्मतःच शेंड्यापर्यंत जोडलेली. नखं वेगळी, एक्स-रेत हाडंही वेगळी. रजा दोनच आठवडे, मोठ्या हॉस्पिटलची फेरी एकच जमेल. पुढचं ड्रेसिंग इथल्या डॉक्टरांकडे. प्लास्टिक सर्जन बघू की हाडांचा? काय काय विचारून घेऊ?

रात्रपाळी
पाटीवर काय लिहिलंय ते सोडा, लहान मुलांचे हात नेहमी करतात का ते विचारा. मुलांना भूल देण्यात मुरलेला डॉक्टर आणि हाताचा थेरपिस्ट तिथे हवाच. छेद नागमोडी घेतात ना, हेही विचारा. सरळ रेषेत घेतला तर व्रण आखडतो आणि बोट वाकतं. दोन बोटांमधल्या खाचेत हाताच्या पाठीकडची कातडी वळवून बसवायची असते. तिथे टाक्यांची रेघ आली तर खाच पुढे, शेंड्याकडे सरकते. आणि एका फेरीत हे भागत नसतं, तीन-चार धरून चाला.

सांधेमोड
एका वेळी एकच हात! दोन्ही बाजू एकदम उघडल्या तर बोटाचा रक्तपुरवठा जाऊ शकतो.

बोरकूट
+१, एकच हात. आणि ग्राफ्ट, म्हणजे बोटांवर लावायला दुसरीकडून काढलेली कातडी, जांघेतला नको म्हणून आधीच सांगा. वयात आल्यावर त्यावर केस येतात, बोटांच्या बेचक्यात!

जास्वंद
जांघेच्या अगदी बाहेरच्या टोकाची कातडी घेतली तर नाही येत. कोपराच्या घडीतली घेतली तर तिथला व्रण उघड्यावर राहतो, त्याचं काय?

बोरकूट
घडीत लपतो तो. केस कुठे लपवणार?

गोफण
सांधेमोड, तुम्ही दोन गोष्टींची सरमिसळ केलीत. एकाच बोटाच्या दोन्ही बाजू एका वेळी उघडायच्या नसतात. इथे प्रत्येक हाताला एकच खाच आहे, त्यामुळे दोन्ही हात एकदम होऊ शकतात आणि भूल एकदाच लागते. फक्त मूल चालायला लागायच्या आत करा. नंतर दोन्ही हात प्लास्टरमध्ये असले की पडताना टेकायला काहीच नाही.

सांधेमोड
तरी एकच हात बरा. मग दीड वर्षाची होईपर्यंत थांबा.

रात्रपाळी
घाई नाहीच तशी. अंगठा-तर्जनी किंवा अनामिका-करंगळी असती तर सहा महिन्यांच्या सुमारासच करतात, कारण आखूड बोट लांब बोटाला वाकवतं. या दोघांची लांबी जवळपास सारखी. पायाची बोटं आणि छातीचे स्नायू तपासलेत का? कधी कधी सोबत तिथेही दोष असतो. नसतील तर तेही बघून घ्या.

निमा_ता
मूळ प्रश्न दोन आठवड्यांचा होता हो! प्लास्टर कोपराच्या वर, कोपर काटकोनात वाकवूनच घ्यायला सांगा. कोपराखाली घातलं तर मूल मोज्यासारखं ओढून काढतं. टाके विरघळणारेच हवेत, नाहीतर काढायला पुन्हा भूल. पहिलं ड्रेसिंग साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, म्हणजे निघायच्या आधी तिथेच उघडून घ्या. तोवर शेंडे दिसायला हवेत: दाबून सोडल्यावर दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवेत. निळसर पडले, वास आला, ताप आला किंवा रडणं वाढत गेलं तर त्याच दिवशी दाखवा. जखम पूर्ण भरली की व्रणाची मालीश, दिवसातून तीन-चार वेळा. खाच मात्र वाढीच्या वयात पुढे सरकू शकते, कधी कधी पुन्हा ऑपरेशन लागतं. इथल्या डॉक्टरांना दर वर्षी खाचेचा फोटो काढायला सांगा.

जास्वंद
भुलीआधी सहा तास पूर्ण उपाशी ठेवा.

निमा_ता
सरसकट नाही! वरचं दूध आणि खाणं सहा तास, आईचं दूध चार, साधं पाणी दोन. भूलतज्ज्ञ सांगतील ती वेळ अंतिम. आणि सर्दी-खोकला असेल तर आदल्या दिवशीच कळवा, टेबलावरून परत येण्यापेक्षा बरं.

कुंदकळी
सगळ्यांचे आभार. सर्जनशी बोलणं झालं. दोन्ही हात एकाच दिवशी, याच महिन्यात. ग्राफ्ट घ्यायचाच नाही असं ठरलंय: हाताच्या पाठीवरची कातडी पुढे सरकवून खाच करतात आणि बोटांमधली चरबी कमी करून बाजू शिवतात.

बोरकूट
म्हणजे व्रण हाताच्या पाठीवर, समोरच!

गोफण
चालेल, पण संमतीपत्रात ‘गरज पडल्यास ग्राफ्ट’ लिहून घ्या आणि तो कुठून घेणार तेही. टेबलावर कातडी कमी पडली आणि ताणून शिवली तर बोटाचं रक्त अडतं.

जास्वंद
कुठून म्हणजे, जांघेच्या बाहेरच्या टोकातूनच.