संग्रहालयातील जुन्या दिव्यांचे वर्गीकरण कशावरून करावे?

प्रश्न (दापोली):
आमच्या छोट्या संग्रहालयात पंचक्रोशीतून आलेल्या समया, लामणदिवे आणि मातीच्या पणत्या आहेत. नोंदवहीत मी ‘देवघरातील’, ‘देवळातील’ व ‘घरगुती’ असे भाग पाडले. परंतु तीच पणती तुळशीपाशीही लागते आणि गोठ्यातही, त्यामुळे एकच वस्तू दोनदा नोंदवावी लागते. पक्का आधार कोणता धरावा? शिवाय काळवंडलेले पितळी दिवे मांडण्यापूर्वी चिंचेने घासावेत का?

उत्तर (रत्नागिरी):
वापर घरागणिक बदलतो, घडण मात्र वस्तूवरच दिसते. म्हणून वापरासाठी वेगळा रकाना ठेवून वर्ग घडणीवरूनच पाडावेत. पणती हाताने थापलेली, चाकावर काढलेली की साच्यातली, तेलाची वाटी उघडी की झाकलेली, वातीच्या चोची किती, दिवा जमिनीवर बसतो की टांगला जातो, या क्रमाने पाहावे. ऑस्कर ब्रोनीर यांनी ग्रीसमधील कॉरिंथच्या उत्खननात मिळालेल्या मातीच्या दिव्यांचे १९३० मध्ये ३७ प्रकार पाडले, तेही प्रामुख्याने घडणीवरूनच. मात्र तिकडची कालगणना आपल्या पणत्यांना लावणे चूक ठरेल. उत्खननातील दिव्याला मातीच्या थराचा आणि सोबतच्या वस्तूंचा आधार असतो. माळ्यावरून उतरवलेल्या दिव्याला तो नसतो. त्यामुळे दिवा कोणत्या घरातून आला आणि देणाऱ्याने काय सांगितले, हे आजच लिहून ठेवावे.

उत्तर (मालवण):
चिंच मुळीच लावू नका, ही कळकळीची विनंती. आंबटाने पितळेचा वरचा थर जातो आणि बैठकीवर कोरलेली नावे पुसट होतात. चोचीवरची काजळी व वाटीच्या तळाशी चिकटलेला तेलाचा थर हा तर पुरावाच आहे. आपल्या किनाऱ्यावर खोबरेल तेल जाळत, तसेच उंडी या झाडाच्या बियांचे कडू तेलही. खोबरेलातील मेदाम्लांपैकी सुमारे निम्मे लॉरिक आम्ल असते, उंडीच्या तेलात ते जवळजवळ नसते. म्हणून अवशेष राखले तर कोणते तेल जळत होते याचा अंदाज प्रयोगशाळेत घेता येतो. धूळ मऊ, कोरड्या ब्रशाने झटकली की पुरे.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. एका समईची बैठक आणि तबकडी वेगवेगळ्या ओतकामाच्या वाटतात. तिची नोंद कशी करावी?

उत्तर (रत्नागिरी):
समईचे भाग आट्यांनी जोडलेले असल्याने ते घरोघरी बदलले जातात. एकाच क्रमांकाखाली बैठक, खांब व तबकडी यांना अ, ब, क अशी अक्षरे द्यावीत आणि प्रत्येक भागाचे वजन व आटे स्वतंत्र नोंदवावेत.