वाचनालयाचे मेल सभासदांच्या स्पॅममध्ये जातायत, काय करायचं?

पुस्तकवेडा: नमस्कार मंडळी, गावच्या वाचनालयाचं काम बघतो. नवीन पुस्तकांची यादी, वर्गणीची आठवण, दिवाळी अंक योजना असं महिन्याला एकदा सगळ्या सभासदांना मेलवर जातं, हजारभर लोक असतील. पूर्वी नीट पोचायचं, आता लोक काउंटरवर येऊन भांडतात की आम्हाला कळवलंच नाही आणि त्यांचाच मोबाईल घेऊन बघावं तर मेल स्पॅममध्ये पडलेला. होस्टिंगवाला (ज्याच्या सर्व्हरवर आमची वेबसाइट आहे तो) म्हणतो आमच्याकडून गेलाय, पुढचं तुमचं तुम्ही बघा. मजकुरात 'मोफत', 'सवलत' आहे म्हणून असं होतं का? ते शब्द काढूनही बघितले, फरक शून्य.

सर्व्हरवाला_बंड्या: शब्दांवरून पकडायचे दिवस मागे पडले हो. मजकूर अजूनही बघतात, पण आधी बघतात की पाठवणारा कोण, खरंच तोच आहे का. जीमेलमध्ये तो मेल उघडा, तीन ठिपक्यांवर दाबून 'शो ओरिजिनल' करा, वरती एसपीएफ (हा सर्व्हर त्या नावानं मेल पाठवू शकतो का), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (या तपासण्या नावाशी जुळतात का, नाही तर मेलचं काय करायचं) अशा ओळी दिसतील, त्यांच्यापुढे काय लिहिलंय ते इथे टाका. कॉम्प्युटरवरून करा, मोबाईल अ‍ॅपमध्ये सापडणार नाही.

पुस्तकवेडा: एसपीएफ सॉफ्टफेल, डीमार्क फेल. डीकेआयएमची ओळच नाही. पाठवणारा म्हणून वाचनालयाचा जीमेल आयडी टाकतो कारण सभासदांना तोच ओळखीचा, पाठवतो मात्र वेबसाइटच्या पॅनेलमधून.

सर्व्हरवाला_बंड्या: मग बरोबरच आहे, दुसऱ्याच्या लेटरहेडवर पत्र पाठवताय तुम्ही. जीमेलच्या नावाचा मेल कुठल्या सर्व्हरवरून निघायचा ते गूगल ठरवतं, तुमचा होस्टिंगवाला त्या यादीत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूनं नियम कडक केलेत, जीमेलचा पत्ता लावून बाहेरून मेल पाठवू नका असं त्यात स्पष्ट लिहिलंय. वेबसाइटच्या डोमेनवरच (वेबसाइटचं नाव, जे @ च्या पुढे येतं) आयडी काढा, पॅनेलमधून एसपीएफ आणि डीकेआयएम दोन्ही चालू करा, डीमार्क सुरुवातीला 'नन'वर (नापास मेल अडवू नका) ठेवा, एकदम 'रिजेक्ट' (नापास मेल नाकारा) नको, नाहीतर स्वतःचेच मेल अडवून बसाल. दिवसाला ५००० च्या वर पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचं आहे, तुम्हाला एसपीएफ किंवा डीकेआयएम एक असलं तरी चालतं, तरी तिन्ही करून टाका.

निशिगंधा: मी दुसऱ्या बाजूनं बोलते. गाव सोडून बरीच वर्षं झाली तरी एका संस्थेचे मेल येतात, बंद करायची लिंक नाही, उत्तर लिहिलं तर कोणी बघत नाही, शेवटी मी सरळ 'स्पॅम' दाबते. सगळेच दाबतात.

सर्व्हरवाला_बंड्या: आणि ते महागात पडतं बरं का. गूगल म्हणतं तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवा, म्हणजे हजारात तीन जणांनी बटण दाबलं की तुम्ही काठावर. सोडून गेलेले सभासद आधी यादीतून काढा.

रागीट_काका: हे सगळं त्या लॉटरी आणि लोनवाल्यांमुळे, सरकारनं ब्लॉक का करू नये त्यांना?? एसेमेसला आहे ना नियम.

कोर्टकचेरी: काका, एसेमेस आणि कॉलला ट्रायचे (टेलिकॉम नियामक) २०१८ चे नियम आहेत, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्पलेट (मजकुराचा साचा) आधी नोंदवावं लागतं, तक्रार १९०९ वर करता येते. ईमेल त्यात येत नाही. आयटी कायद्याचं ६९अ कलम ब्लॉक करायचंच आहे पण त्याची कारणं देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी, कंटाळवाण्या जाहिराती त्यात बसत नाहीत (आणि बसूही नयेत, उद्या कुणाला कशाचाही कंटाळा येईल). गंमत म्हणजे त्रास देणाऱ्या किंवा कोणी पाठवला याबद्दल फसवणाऱ्या ईमेलबद्दल कलम होतं, ६६अ मध्ये. तेच ६६अ, २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली तेव्हा गाजलेलं. सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला ते अख्खं कलम रद्द केलं, त्यात ईमेलचा भागही गेला. रद्द झालं ते योग्यच, त्या भाषेत कुणालाही आत टाकता आलं असतं. पैशाची फसवणूक झाली तर इतर कलमं आहेत, फोन १९३० वर करायचा.

पुस्तकवेडा: डोमेनवर आयडी काढला, तिन्ही पास दाखवतंय आता! एक शंका, जुन्या सभासदांचे मेल आयडी छापील फॉर्मवरून घेतलेत, तेव्हा विचारलं नव्हतं काही. चालेल का?

कोर्टकचेरी: वर्गणी चालू असलेल्यांना एकदा मेल टाकून विचारा, सूचना हव्यात की नको. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे असं आहे, तेव्हा 'नको' म्हणायला अर्ज घेऊन काउंटरवर या असलं काही करू नका. मेलच्या खालीच लिंक द्या.