समेटाची बैठक फसली. आता बचत गटाने तिच्यासाठी काय करावे?

गटसचिव (जिल्ह्याचे नाव वगळण्यासाठी संपादित)

आमचा बारा जणींचा बचत गट आहे. गटातल्या एकीला नवरा मारतो हे सगळ्यांना ठाऊक होते, पण बैठकीत ती विषय काढत नसे आणि आम्हीही विचारत नव्हतो. दिवाळीनंतर तिचा दंड काळानिळा दिसला, तेव्हा आम्ही घाईघाईने दोन वडीलधाऱ्यांना घेऊन तिच्या घरी गेलो, 'पुन्हा हात उचलणार नाही' असे नवऱ्याकडून सर्वांदेखत वदवून घेतले आणि चहा पिऊन परतलो. त्यानंतर दोन महिने ती बैठकीला आलीच नाही. तिची मुलगी पासबुकात घडी घातलेल्या शंभराच्या दोन नोटा आणून देई आणि न बोलता निघून जाई. आता ती येऊ लागली आहे, पण माझ्या नजरेला नजर देत नाही. आम्हाला तिच्या पाठीशी उभे राहायचे आहे, मात्र पुन्हा तिच्याच अंगावर शेकेल असे काही करायचे नाही. आमच्यासारख्या, कसलेही प्रशिक्षण नसलेल्या बायकांनी काय करावे आणि कुठे थांबावे?

समुपदेशक

ताई, पहिल्यांदा जिल्ह्याचे नाव काढा. असा मजकूर तिचा नवराही वाचू शकतो.

सर्वांदेखत घेतलेल्या शब्दाची किंमत दार लागल्यावर बाईच मोजते, हे मी चौदा वर्षे पाहत आले आहे. आपण तिच्या घरी गेलात हे चुकले नाही, तिला न विचारता गेलात हे चुकले, आणि ते तिला एकांतात स्पष्ट शब्दांत सांगितल्याशिवाय पुढचे काही जमणार नाही. त्यानंतर तिला काय हवे आहे ते विचारा आणि तिचे उत्तर आपल्याला पटले नाही तरी माना. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तेव्हापासून या कामाची रीत हीच आहे: समाजकार्यकर्ती पोलिसांच्या आवारात बसते, पण निर्णय बाईचा असतो.

आपण करू शकाल अशा गोष्टी साध्या आहेत. आधार कार्ड, शिधापत्रिका, मुलांचे दाखले आणि दवाखान्याचे केस पेपर यांच्या प्रती तिच्या घराबाहेर ठेवा, पण शेजारी नको, कारण तो पहिल्यांदा तिथेच शोधेल. माझ्या ओळखीच्या एका वस्तीत बायकांनी असे ठरवले होते की आरडाओरडा ऐकू आला की दोघींनी वाटी घेऊन जायचे, दार वाजवायचे आणि विरजण मागायचे. दार उघडावे लागते, उगारलेला हात तेवढ्यापुरता खाली येतो आणि 'तूच चुगली केलीस' असे त्याला म्हणता येत नाही. अर्थात हेही तिची संमती असेल तरच करायचे. हत्यार दिसले तर मात्र वाटी विसरा आणि 112 ला फोन करा. नुसता सल्ला हवा असेल तर 181 ही महिला हेल्पलाइन आहे.

वकील

'कुठे थांबावे' या प्रश्नापुरते लिहितो. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा 2005 चा असून तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. कलम 4 प्रमाणे कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्याखाली सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला, माहिती देऊ शकते आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर त्याची जबाबदारी येत नाही. कलम 17 प्रमाणे घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी पत्नीला त्यात राहण्याचा हक्क आहे. 'घर माझे आहे, चालती हो' ही धमकी म्हणून कायद्यापुढे टिकत नाही. तिने दंडाधिकाऱ्यांकडे केलेल्या अर्जाचा निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात वेळ बराच अधिक लागतो, हे तिला आधीच सांगा.

एक बाब आपल्या वडीलधाऱ्यांनाही ऐकवावी. या कायद्याच्या 2006 च्या नियमांप्रमाणे समुपदेशनात मारहाणीचे समर्थन करण्याची मुभा नवऱ्याला नसते, आणि तसे त्याला सुरुवातीलाच सांगावे लागते. आपल्या गावबैठकींचा मात्र निम्मा वेळ 'तुझेही काही चुकले असेल' यातच जातो.

'नऊ वर्षांनी' (टोपणनाव)

मी त्या घरातून तिसऱ्या प्रयत्नात बाहेर पडले. पहिल्या दोन वेळा मी स्वतःहून परत गेले होते आणि ज्यांनी मदत केली होती त्यांतल्या बहुतेकांनी त्यानंतर माझ्याशी बोलणे सोडले. एकीने सोडले नाही. तिसऱ्यांदा रात्री दार तिनेच उघडले आणि 'मी सांगितले होते ना' हे वाक्य तिने तेव्हाही उच्चारले नाही, पुढेही नाही.

लोकांना वाटते की बाई घराबाहेर पडली म्हणजे सुटली. मी पुढची दोन वर्षे दिवा लावून झोपत होते, आणि मधूनच मला त्याची आठवण येई, हे कोणापुढे बोलायची सोय नव्हती. 'आता मोकळी झालीस' असे म्हणणाऱ्यांपुढे मी हसत असे. आमच्या वाड्यातल्या बायका उन्हाळ्यात पापड लाटायला बसत, तिथे मला कोणी काही विचारले नाही, फक्त लाट्या पुढे सरकवल्या. हात कामात असले आणि समोरच्याची नजर पोळपाटावर असली की बोलणे सोपे जाते. मी बोलले ते तिसऱ्या उन्हाळ्यात. तुमच्या मैत्रिणीला गटात हिशेबाचे काम द्या. तिच्याकडे बिचारी म्हणून पाहू नका.

गटसचिव

सर्वांचे आभार. काल तिच्याबरोबर शेतावर चालत गेले आणि वाटेत चुकीची कबुली दिली. बराच वेळ ती काहीच बोलली नाही. मग तिने विचारले की वडीलधारे पुन्हा येणार आहेत का. मी नाही म्हणाले.

आज सकाळी मुलीच्या हाती पासबुक आले, त्यात या वेळी नोटांसोबत कागदांच्या प्रती होत्या. त्या कुठे ठेवल्या ते इथे लिहीत नाही. मुलीचा शाळेचा दाखला अजून मिळायचा आहे, तो मिळाला की पाठवते, असा निरोप आहे.