मोझर गेला, पण रेक्स होता ना!
'कमिसार रेक्स' या ऑस्ट्रियन पोलीस मालिकेतला तपास अधिकारी मोझर मेल्यावर मालिका संपल्यात जमा होती, असं काही जण म्हणतात. हे मत मला मुळीच पटत नाही. टोबियास मोरेत्तीने मोझर अफलातून रंगवला, वादच नाही. पण मालिकेचा कणा पहिल्या भागापासून रेक्स, तो जर्मन शेफर्ड पोलीस कुत्राच आहे.

आठवा, रेक्सचा पहिला पोलीस साथीदार गोळी लागून मरतो आणि कुत्रा खाणंपिणं टाकतो. नुकताच घटस्फोट झालेला मोझर त्याला घरी आणतो. दोघंही एकटे पडलेले, म्हणून ती जोडी काळजाला भिडते. पुढे मोझरही मारला जातो आणि रेक्सच्या वाट्याला तेच दुःख दुसऱ्यांदा येतं. मोझरच्या जागी आलेल्या ब्रांटनरला तो लगेच जवळ करत नाही, हे मला फार खरं वाटलं. जनावर असंच वागतं. घरात कुत्रा असलेल्या कुणालाही विचारा.

आणि ऑफिसातले ते सॉसेजचे पाव! मोझरचा सहकारी श्टोकिंगर बोलण्यात गुंतलेला, टेबलाच्या कडेवरून काळं नाक हळूच वर येतं, पाव गायब. संवाद एकही नाही, तरी प्रसंग पूर्ण.

1994 ते 2004 व्हिएन्ना, मग 2008पासून रोम, 2019पासून कॅनडात नव्या रूपात. माणसं बदलली, शहरं बदलली, रेक्स राहिला. रोमचे भाग मला जरा गुळगुळीत वाटतात. व्हिएन्नाच्या जुन्या गल्ल्यांतला तो करडा हिवाळा तिथे नाही. नव्याने बघणाऱ्यांनी मोझरपासूनच सुरुवात करावी, पण ब्रांटनरचे भाग कृपा करून सोडू नका.