मदत हवी आहे: नंबर नसलेले मोर्स टेपर आर्बर आणि होल्डर कसे ओळखायचे?

नमस्कार मंडळी,

जुन्या मशीनबरोबर आर्बर (चक वगैरे धरणारे दांडे), स्लीव्ह (टेपरचा आकार जुळवणाऱ्या नळ्या) आणि होल्डरनी भरलेलं एक खोकं आलंय. बहुतेकांवर नंबरच नाही, किंवा गंजाने पुसला गेलाय. लेथच्या टेलस्टॉकला एमटी ३ (मोर्स टेपर, म्हणजे निमुळत्या बैठकीचा ३ नंबर) आणि ड्रिलिंग मशीनला एमटी २ आहे. जाड टोकाचा व्यास मोजून सोपे नग वेगळे केले: १७.७८ मिमी म्हणजे एमटी २, २३.८ म्हणजे एमटी ३, ३१.२७ म्हणजे एमटी ४. तीन नगांवर मात्र गाडी अडलीय.

पहिला, ड्रिल चकचा आर्बर. एका बाजूला एमटी २ आहे, पण शेवटी टँग (चपटी जीभ) नाही, आतून आटे पाडलेलं भोक आहे. दुसऱ्या बाजूचा आखूड टेपर जाड टोकाला १५.८ च्या आसपास भरतो. तक्त्यात चकच्या टेपरचे दोन प्रकार जवळ येतात: बी १६ चं माप १५.७३ आणि जेकब्ज ३३ चं १५.८५. कड थोडी दबलेली असल्याने या मापावर चक मागवायला मन धजत नाही.

दुसरा दिसायला एमटी २, पण सॉकेटमध्ये पूर्ण बसत नाही आणि तोंडाशी हलतो. बारीक टोक १५.२ मिमी.

तिसरा जाड टोकाला ४४.४ मिमी, म्हणजे तक्त्याप्रमाणे एमटी ५. पण तो फारच आखूड आहे, आणि कॉलरला दोन खाचा आहेत.

हे नक्की काय आहेत? चांगलं पोलाद आहे, भंगारात घालवायचं नाही.

प्रतिसाद

एकाच व्यासावरून टेपर ओळखता येत नाही, उतार मोजायलाच हवा. मार्करने ५० मिमी अंतरावर दोन रेघा मारा आणि दोन्हीकडचे व्यास घ्या. मोर्सच्या सगळ्या नंबरांत फरक २.५ ते २.६५ च्या दरम्यान येतो. एमटी २ आणि एमटी ३ च्या उतारातला फरक व्हर्निअरला दिसणारच नाही, तिथे व्यासच पाहायचा. उतारावरून कळतं ते घराणं.

तुमच्या दुसऱ्या नगाला ५० मिमीत साधारण २.१ फरक आला तर तो ब्राउन अँड शार्प ७, म्हणजे टेपरचं वेगळंच घराणं. त्याचा उतार १:२४, बारीक टोक १५.२४. उतार मोर्सपेक्षा कमी, म्हणून तो सॉकेटमध्ये फक्त बारीक टोकाशी टेकतो आणि तोंडाशी सैल राहतो. टेपरवर प्रशियन ब्लूचा (टेकण्याच्या जागा दाखवणारा निळा रंग) पातळ थर लावून बसवा, निळं फक्त आतल्या टोकाला पुसलेलं दिसेल. तसा वापरू नका, सॉकेट खराब होईल.

तिसरा एमटी ५ नाही. आयएसओ ४० (मिलिंग मशीनच्या होल्डरचा टेपर) चं जाड टोक ४४.४५ असतं, म्हणून हा घोटाळा नेहमी होतो. तिथे उतार ७:२४, म्हणजे ५० मिमीत तब्बल १४.६ फरक. तो घट्ट बसून राहणारा टेपर नाहीच, ड्रॉबारने (मागच्या आट्यांत घट्ट करायची सळई) ओढून धरावा लागतो. कॉलरवर व्ही आकाराची गोल खाच असेल तर होल्डर आपोआप टूल बदलणाऱ्या मशीनचा, नसेल तर बहुधा साध्या मिलिंगचा.

आर्बरसाठी २० मिमी अंतर घ्या, दबलेली कड सोडून. बी १६ ला फरक १ मिमी येईल, जेकब्ज ३३ ला सुमारे १.२७. व्हर्निअरचे जबडे तिरके होत असतील तर नग सरफेस प्लेटवर (अचूक सपाट पाट) उभा करा, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर सारखे रोलर ठेवून दोन्ही रोलरच्या बाहेरून मायक्रोमीटर लावा. मग रोलर २० मिमी वर घेऊन पुन्हा मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे थेट व्यासातला फरक. हे काम जपून करा. चुकीच्या जोडीचा चक हाताने दाबल्यावर बसल्यासारखा वाटतो आणि ड्रिलिंगच्या भारात निसटतो.

धागाकर्ता

मनापासून आभार! २० मिमीत १.२६ आला, म्हणजे जेकब्ज ३३. दुसऱ्या नगाला ५० मिमीत २.०८. आता आर्बरच्या मागच्या आट्यांचं काय? ड्रॉबार बनवायचा आहे.

प्रतिसाद

एमटी २ ला बहुतेक एम १० किंवा ३/८ इंच असतो. ३/८ चा बोल्ट एम १० च्या भोकात सुरुवातीला सैलसर जातो आणि मग अडकतो, त्यामुळे तेवढ्यावर विश्वास ठेवू नका, थ्रेड गेज (आटे मोजायच्या पट्ट्या) लावा. पिच (दोन आट्यांतलं अंतर) १.५ मिमी असेल तर एम १०, इंचाला १६ आटे असतील तर ३/८. आणि या टेपरवर मिलिंग करणार असाल तर ड्रॉबार हवाच. बाजूने येणाऱ्या भारात आणि कंपनात नुसता मोर्स टेपर सुटतो.